चहाच्या खोक्यातून निघालेला बँड

दोस्तांनो, 'बँड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल कोट, चकाकते पितळी कर्णे आणि वरातीत घामाघूम होऊन नाचणारी मामेमंडळी! बरोबर ना? पण आज आपण ज्या बँडच्या गावाला निघालोय, त्या बँडकडे ना लाल कोट होते, ना कर्णे. त्यांच्याकडे होतं चहाचं एक रिकामं खोकं, कपडे घासायची एक फळी आणि शाळेतले पाच-सहा दोस्त. ऑफ तासाला बाकावर ठेका धरणारी आणि सर आले की शहाण्यासारखी बसणारी मुलं तुमच्या वर्गात आहेत ना? तसलीच ही कार्टी! पुढे यातूनच 'बीटल्स' नावाचा चौघांचा बँड झाला आणि साऱ्या जगाने तो डोक्यावर घेतला.

गाव आहे इंग्लंडमधलं लिव्हरपूल. मर्सी नदी समुद्राला मिळते तिथलं हे जुनं बंदर. आपल्या मुंबईशी त्याचं जुनं नातं आहे बरं का! १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि मुंबईहून कापसाच्या गाठी भरभरून याच लिव्हरपूलला गेल्या. आज तुम्ही विमानाने तिथे उतरलात, तर बँडची पहिली खूण विमानतळावरच भेटते. २००१ मध्ये त्या विमानतळाला जॉन लेननचं नाव देण्यात आलं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ज्याच्याबद्दल फारसं बरं कधी लिहिलं गेलं नाही, त्याच्या नावाचा विमानतळ! (आई-बाबांनो, हे वाक्य मुलांना दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.)

चला, आता शहराच्या कडेला असलेल्या वुल्टन या उपनगरात जाऊ. इथे तांबूस दगडाची जुनी खाण आहे. लिव्हरपूलचं भलंमोठं कॅथेड्रल याच दगडाचं आहे. इंग्रजीत दगडाच्या खाणीला 'क्वारी' म्हणतात. जॉनच्या शाळेचं नावही 'क्वारी बँक', आणि शाळागीतातही खाणकामगारांचा उल्लेख. मग काय, पोरांनी १९५६-५७ च्या सुमारास बँड काढला तेव्हा नाव ठेवलं 'क्वारीमेन', म्हणजे खाणकामगार!

आता तुम्ही विचाराल, वाद्यांना पैसे कुठून आणले? आणलेच नाहीत! त्या वेळी लॉनी डोनेगन नावाच्या गायकाने इंग्लंडभर 'स्किफल' संगीताचं वेड लावलं होतं. स्किफलची गंमत अशी, की घरातल्या वस्तू हीच वाद्यं. वॉशबोर्ड, म्हणजे कपडे घासायची खाचाखाचांची फळी. बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं घालून ती खरवडायची, की झाला ताल. आसाम-सिलोनचा चहा ज्या प्लायवुडच्या खोक्यांतून यायचा, ते रिकामं खोकं पालथं घालायचं, त्याला झाडूचा दांडा लावायचा, दांड्याच्या टोकापासून खोक्यापर्यंत दोरी ताणायची. दोरी छेडली की धुम्म, धुम्म असा खर्जातला आवाज येतो. दांडा मागेपुढे केला की दोरीचा ताण बदलतो आणि सूरही बदलतो. गिटार मात्र खरी लागायची, पण तीन-चार कॉर्ड आल्या तरी भागायचं. कॉर्ड म्हणजे काय? पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबून बघा. जो भरलेला आवाज येतो ना, ती कॉर्ड.

तर मंडळी, वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चजवळ जरा थांबा. ६ जुलै १९५७, शनिवार. चर्चची जत्रा होती. मिरवणुकीतल्या एका ट्रकवर उभे राहून क्वारीमेन वाजवत होते. नंतर चर्चमागच्या मैदानात त्यांचा कार्यक्रम झाला. जॉन तेव्हा १६ वर्षांचा होता. आईने त्याला बँजोवरच्या कॉर्ड शिकवल्या होत्या, गिटारवरही तो त्याच वाजवायचा. गाण्याचे शब्द आठवले नाहीत तर सरळ मनचे घालायचा! संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी समोरच्या हॉलमध्ये आयव्हन नावाच्या दोस्ताने एका मुलाची ओळख करून दिली. नाव पॉल मॅकार्टनी, वय नुकतंच १५. पॉलने गिटार हातात घेतली, ती नीट सुरात लावली (हे क्वारीमेनना येतच नव्हतं!) आणि एक अख्खं गाणं शब्दन् शब्द पाठ म्हणून दाखवलं.

आता जॉनच्या जागी स्वतःला ठेवून बघा हं. बँड तुमचा. कप्तान तुम्ही. आणि समोर तुमच्यापेक्षा सरस वाजवणारा, वयाने लहान पोरगा. त्याला घेतलं तर बँड सुधारेल, पण तुमचा रुबाब कमी होईल. नाही घेतलं तर रुबाब शाबूत, पण बँड तिथेच राहील. काय कराल? जॉनला हे कोडं पडलं होतं, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. त्याने रुबाब बाजूला ठेवला. काही दिवसांनी पॉल सायकलवरून चालला होता, तेव्हा वॉशबोर्ड वाजवणाऱ्या पीट शॉटनने त्याला रस्त्यातच निरोप दिला : ये आमच्यात.

इथून जवळच मेन्लव्ह अॅव्हेन्यू या रस्त्यावर जॉनचं घर आहे. घराचं नाव 'मेंडिप्स'. जॉन इथे मिमीमावशीकडे वाढला. मावशीचं मत अगदी आपल्याकडच्या मावशीसारखं : गिटार छंद म्हणून ठीक, त्याने पोट भरत नाही! घरात गोंगाट नको म्हणून ती जॉनला पुढच्या काचेच्या छोट्याशा व्हरांड्यात पाठवायची. झालं उलटंच! त्या बंदिस्त जागेत आवाज असा काही घुमायचा, की पोरांना ती फारच आवडली.

मधलं गोल्फचं मैदान ओलांडून चालत गेलं, की येतं फोर्थलिन रोडवरचं पॉलचं घर. चाळीतल्या खोल्यांसारखी एकाला एक चिकटलेली ही घरं नगरपालिकेने बांधलेली. पॉलचे वडील कापसाच्या व्यापारात नोकरीला होते. तरुणपणी त्यांचाही जॅझ बँड होता. त्यांनी वाढदिवसाला पॉलला ट्रम्पेट दिलं, पण ते तोंडात धरून गाणार कसं? म्हणून पॉलने ते बदलून गिटार आणली. तो डावखुरा, म्हणून तारा उलट्या लावून घेतल्या. दिवसा घर रिकामं असायचं, तेव्हा जॉन आणि पॉल समोरासमोर बसून शाळेच्या वहीत स्वतःची गाणी लिहायचे.

या दोघांना बांधणारी आणखी एक गोष्ट होती. पॉलची आई १९५६ मध्ये कर्करोगाने गेली. जॉनची आई जुलै १९५८ मध्ये मेन्लव्ह अॅव्हेन्यूवरच मोटारीच्या धडकेने गेली. त्यावर ते फारसं बोलत नसत म्हणे. पण सोबत वाजवायला कुणीतरी आहे, हाही मोठा आधार असतो. ही दोन्ही घरं आता नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांभाळते आणि तुम्हा-आम्हाला आतून बघता येतात.

आता बसमध्ये चढा, वरच्या मजल्यावर! पॉलच्या शाळेच्या बसमध्ये जॉर्ज हॅरिसन नावाचा आणखी एक गिटारवेडा असायचा. एका विशिष्ट कॉर्डसाठी हे दोघे बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, कारण तिथल्या एका माणसाला ती येते असं कळलं होतं. एका कॉर्डसाठी! १९५८ मध्ये पॉलने जॉर्जला जॉनसमोर उभं केलं आणि रात्रीच्या बसमध्ये जॉर्जने एक अवघड धून वाजवून दाखवली. जॉनला तो फारच बारका वाटत होता, पण शेवटी घेतलाच. हाच जॉर्ज १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईला आला. जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत त्याने आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रणही केलं.

त्याच १९५८ च्या जुलैत केन्सिंग्टन भागातल्या एका घरगुती स्टुडिओत पोरांनी पदरचे पैसे घालून दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. तबकडी मिळाली एकच, मालक पाच! मग ती आळीपाळीने एकेकाच्या घरी राहिली. पियानो वाजवणाऱ्याकडे गेली ती तिथेच राहिली, आणि १९८१ मध्ये पॉलने ती त्याच्याकडून विकत घेतली.

पुढचा थांबा वेस्ट डर्बी. तिथे पीट बेस्टच्या आईने १९५९ मध्ये आपल्या घराच्या तळघरात मुलांसाठी 'कॅसबा' हा कॉफी क्लब काढला. आपल्या या मंडळींनी तिथलं छतही रंगवलं. तळघरात पोरांना दणदणाट करू देणारी आई! प्रत्येक बँडला अशी एक तरी आई लागतेच. ऑगस्ट १९६० मध्ये मुलं जर्मनीत हँबर्गला गेली आणि रात्र रात्र वाजवून तयार झाली. तिथून परतल्यावर मॅथ्यू स्ट्रीटवरच्या 'कॅव्हर्न' क्लबात, म्हणजे गोदामाच्या कोंदट तळघरात, १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी तीनशेच्या आसपास कार्यक्रम केले. मूळ तळघर १९७३ मध्ये बंद झालं. आज दिसतं ते १९८४ मध्ये त्याच जागेच्या काही भागावर नव्याने बांधलेलं.

पण चहाचं खोकं वाजवणारे ते पहिले दोस्त कुठे गेले?

पीट शॉटनच्या डोक्यावर जॉनने एका पार्टीत वॉशबोर्डच फोडला! दोघेही खळखळून हसले. पीटला वाजवण्यात रस उरला नव्हता आणि ते सांगायची सुटका झाली. दोस्ती टिकली. सगळ्यांचं असं नाही झालं. गिटार वाजवणाऱ्या एरिकला जॉर्ज आल्यावर सरावाला बोलावणंच बंद झालं. ड्रम वाजवणारा कॉलिन १९५९ मध्ये भांडून बसमधून उतरला, तो परत आलाच नाही. आणि ऑगस्ट १९६२ मध्ये दोन वर्षं साथ करणाऱ्या पीट बेस्टला काढून रिंगो स्टारला घेतलं. ते पीटला सांगितलं मॅनेजरने. दोस्तांपैकी एकानेही तोंड दाखवलं नाही. आपण तेव्हा भित्रेपणा केला, असं जॉनने पुढे मान्य केलं.

म्हणजे सरस माणसाला जागा देणं चांगलं, पण त्यासाठी कुणालातरी जागा सोडावी लागते. दोस्तांचा बँड असला की हा प्रश्न आज ना उद्या येतोच, मग तो गाण्याचा असो की क्रिकेटच्या टीमचा. त्याचं सोपं उत्तर नाही. पण निदान जे सांगायचं ते समोर बसून सांगावं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

आता वुल्टनमधली आणखी एक तारीख ऐका. जुलै १९९७. जत्रेला ४० वर्षं झाली होती. क्वारीमेनमधले पाच जण, एरिक, कॉलिन, पीट शॉटन, रॉड आणि लेन, त्याच चर्चच्या आवारात पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. कुणाचे केस पांढरे झालेले, कुणाचे गळालेले. जगात नाव झालं ते दुसऱ्यांचं. पण यांना इतकी मजा आली, की पुढे बरीच वर्षं ते वाजवत राहिले!

तर दोस्तांनो, बँड काढायचाय? चहाचं खोकं आता मिळणार नाही, पण तेलाचा रिकामा डबा नक्की मिळेल. तीन कॉर्ड येणारा एक मित्र शोधा, गाणारी एक मैत्रीण शोधा आणि तळघर नसलं तर गच्ची मागून बघा. दहावीच्या वर्षी मात्र वेळ ठरवून घ्या, नाहीतर मिमीमावशी प्रत्येक घरात असतेच!