शेपटीकडे पाहा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे आपल्या वस्तीतल्या झाडांवर एक पाहुणा येतो आणि भीमजयंतीच्या सुमारास परत जातो. चिमणीहून लहान, वजन जेमतेम १० ग्रॅम. पुस्तकात नाव लाल छातीचा माशीमार. पण नावावर जाऊ नका. तांबूस गळा फक्त पूर्ण वाढलेल्या नराला असतो. मादी आणि पहिल्या वर्षाचा नर दोघेही वरून मातकट, खालून मळकट पांढरे. लाल छाती शोधत बसणाऱ्याला हा पक्षी दिसूनही ओळखू येत नाही.

खरी खूण शेपटीत आहे. काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात, आणि शेपूट वर उडवायची त्याला खोडच आहे. आवाज कोरडा, लाकडी खुळखुळ्यासारखा, टर्रर्र. सावलीतल्या फांदीवरून झेप घेऊन उडता किडा टिपतो. सायबेरियाकडचा त्याचा भाऊबंद पूर्वी याच जातीत धरत, आता वेगळी जात मानतात. त्याची चोच पूर्ण काळी, तर याच्या चोचीची खालची बाजू बुडाशी फिकट असते.

पूर्व युरोप, रशियातल्या जंगलात झाडाच्या ढोलीत याचे घरटे. थंडीत तिकडे किडे मिळत नाहीत. युरोपातले कितीतरी पक्षी तेव्हा आफ्रिकेत जातात, हा मात्र आपल्याकडे येतो. आपले ऊसतोड बांधवही दसरा-दिवाळीनंतर पोटासाठीच निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी गावी परततात. फरक इतकाच, पक्ष्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल नसते.

पक्षी पाहणे हा बंगलेवाल्यांचा छंद, असे आपल्यात अनेकांना वाटते. आमच्या विहाराच्या आवारात करंजाचे झाड आहे. तिथे अभ्यासवर्गाच्या मुलांनी हा पक्षी आधी आवाजावरून हेरला, मग शेपटीवरून ओळखला. दुर्बीण कुणाकडेच नव्हती. तथागतांनी ‘एहिपस्सिको’ म्हटले, या आणि स्वतः पाहा. त्याला तिकीट लागत नाही.

मात्र एक गोष्ट सलते. जयंतीच्या मंडपासाठी कित्येक ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये झाडांच्या फांद्या सरसकट छाटतात. नेमके तेव्हाच या पक्ष्याला हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवायची असते. मंडपाचा बांबू दोन हात बाजूला रोवला तर करंजाला हात लावावा लागत नाही. यंदाच्या जयंती कमिटीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.