नो लिंग

अलिबागहून मुरूडला जाताना रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला कोर्लई लागतं. ऑफिसमधले आम्ही चौघे तिथला किल्ला बघायला गेलो होतो. खाली चर्चजवळ दोन बायका भाजीचा हिशेब करत होत्या. सूर अगदी इकडच्या मराठीचा, पण शब्द कळेनात.

या बोलीला तिथले लोक ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगिजांनी 1521 मध्ये चौलला, आजच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला आणि 1740 मध्ये हा सगळा भाग मराठ्यांना देऊन ते गेले. ख्रिस्ती झालेले इथले कष्टकरी मागे राहिले. आजूबाजूला सगळी मराठी गावं, यांची लग्नं आपापसात, त्यामुळे बोली टिकली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे जेमतेम हजारभर.

खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतला. देशभरातून आलेली कुटुंबं, त्यामुळे मैदानावर हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. झाडीबोली गेटबाहेरच्या खेड्यांत, आणि आमच्या घरात फक्त आजीकडे. ती ‘पानी’ म्हणायची, ‘लोनी’ म्हणायची. ‘ण’ तिच्या तोंडी नव्हताच. पाहुणे आले की बाबा तिला हळूच दुरुस्त करायचे. पुढे पुढे ती पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली. दिवाळीनंतर मंडईला गावी गेली, रात्रभर नाटक बघितलं, की मात्र आठवडाभर तिचं तोंड बंद व्हायचं नाही.

कोर्लईला पोर्तुगीज राजा नव्हता, शाळा नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं. तरी अडीचशेहून जास्त वर्षं भागलं, कारण घरात कुणी कुणाला दुरुस्त करत नव्हतं, असं मला वाटतं. आता तिथेही शाळा मराठी, नोकऱ्या मुंबईत. टपरीवरच्या पोराला विचारलं, तू बोलतोस का? म्हणाला, “घरी बोलतो. बाहेर कशाला?”

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. माझ्या व्हॉट्सॲपवर तिचे अकरा व्हॉइस मेसेज आहेत. बहुतेकांत ती पावसाचंच विचारते. परवा बाबांनी ते सगळे स्वतःच्या फोनवर मागवून घेतले.