कागदावरच्या बदल्या

आम्हांला एक व्यसन आहे. तंबाखूपेक्षा स्वस्त, प्रकृतीला निरुपद्रवी, तरीही चारचौघांत कबूल करताना थोडे ओशाळायला लावणारे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल आम्ही मनातल्या मनात घडवून आणत असतो. सॅक्रामेंटोचा हा खेळाडू न्यू यॉर्कला द्यावा, न्यू यॉर्कचे ते दोघे डेट्रॉइटला जावेत, डेट्रॉइटने त्या बदल्यात सॅक्रामेंटोला एक धिप्पाड मनुष्य द्यावा, म्हणजे तिघांचेही भले. या तिन्ही संघांच्या मालकांनी आमचा सल्ला कधी मागितलेला नाही. तरी बँकेच्या रांगेत, दंतवैद्याच्या खुर्चीत, एकदा तर एका जवळच्या नातेवाइकाच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना आमचे हे काम अव्याहत चालले होते. अक्षता उशिरा पडल्या, एवढेच.

या नादाची सुरुवात सॅक्रामेंटोत झाली. २००१ साली नोकरीनिमित्त आम्ही तेथे गेलो ते २००८ पर्यंत राहिलो. कॅलिफोर्नियाची राजधानी असूनही लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यापुढे या गावाला कोणी विचारत नसे, आणि गावकऱ्यांना त्याचा सल होता. त्या सलावरचे औषध म्हणजे किंग्ज हा बास्केटबॉलचा संघ. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाच्या प्रशिक्षकाने एकदा या गावाची गुराढोरांचे गाव म्हणून संभावना केली. तेव्हापासून लोक गाईंच्या गळ्यातल्या घंटाच घेऊन सामन्यांना येऊ लागले होते. त्या घंटानादात आम्ही हा खेळ शिकलो. २००२ मध्ये याच लेकर्सविरुद्धची पश्चिम विभागाची अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि तो सामना किंग्जनी घरच्या मैदानावर, जादा वेळेत गमावला. दुसऱ्या दिवशी कचेरीत सुतकी कळा होती. तिसऱ्या दिवशी मात्र कोणीतरी कागद पुढे ओढून म्हणाले, यांच्यातला एक जण देऊन कोणी दुसरा आणला असता तर? जिंकणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पत्त्यांचा डाव वाटेल. तसा तो नाही. १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे आणि बहुतेक संघ ती ओलांडून बसलेले असतात. अशा संघाला एखादा खेळाडू घ्यायचा, तर जवळजवळ तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. आमच्या त्या काळी नियम असा होता, की येणारा पगार जाणाऱ्या पगाराच्या सव्वापट अधिक एक लाख डॉलर, यापलीकडे जाता कामा नये. (आता २०२३ च्या करारानंतर हे नियम इतके गुंतागुंतीचे झाले आहेत, की जमीनमहसुलाच्या कायद्याची आठवण यावी.) म्हणजे नुसता चांगला खेळाडू हेरून भागत नाही. त्याच्या पगाराच्या वजनाचे, आपल्याला नकोसे पण समोरच्याला सोसवतील असे दोघे-तिघे शोधावे लागतात, आणि समोरच्याला हे का पटावे याचे उत्तरही आपणच तयार करावे लागते. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने यासाठी संगणकावर एक 'ट्रेड मशीन' करून दिले, तेव्हा तर आमच्यासारख्यांना रानच मोकळे झाले. संघ निवडावेत, नावांवर खुणा कराव्यात, कळ दाबावी. यंत्र सांगते, सौदा जमला किंवा फसला. शब्दकोडे सुटल्याचा आनंद आणि कारस्थान तडीस गेल्याचा आनंद, असे दोन्ही त्या क्षणी एकवटतात.

शिवाय पारडे थोडे हलके पडले, तर त्यात टाकायला भविष्य असतेच. दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. तिच्या पहिल्या फेरीतला आपला हक्क संघ सात वर्षे आधीपर्यंत देऊ शकतो. (सलग दोन वर्षांचे पुढचे हक्क मात्र देता येत नाहीत. १९८० च्या सुमारास क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क उधळून टाकले, म्हणून हा नियम झाला व त्यांचेच नाव त्याला चिकटले. माणसाच्या नावाचा नियम व्हावा तो असा!) निवडीला बसणारा मुलगा एकोणीस वर्षांचा असेल, तर सात वर्षांपूर्वी, म्हणजे सौद्याच्या दिवशी, तो बारा वर्षांचा असतो. कोठेतरी सातवीच्या वर्गात बसून तो अपूर्णांक सोडवत असतो, आणि त्याची गठडी एका गावाहून दुसऱ्या गावी रवाना झालेली असते.

किंग्जचा कणा होता क्रिस वेबर. १९९८ साली वॉशिंग्टनहून सौद्यातच तो सॅक्रामेंटोत आला. आधी त्याला यायचे नव्हते, मग रमला. २००१ मध्ये त्याने सात वर्षांचा, बारा कोटी डॉलरहून मोठा करार केला आणि २००३ मध्ये त्याचा गुडघा गेला. तो परतला, पण पूर्वीची उडी परतली नाही. २००४-०५ च्या हिवाळ्यात आम्ही त्याला किमान अकरा संघांना विकून पाहिले. यंत्र आठ वेळा 'फसला' म्हणाले. फेब्रुवारी २००५ मध्ये तो खरोखर फिलाडेल्फियाला गेला आणि मुख्यतः त्याच्या बदल्यात तीन मध्यम खेळाडू आले. बेरीज जुळली. पुढल्या जानेवारीत पेजा स्टोयाकोविच देऊन इंडियानाचा रॉन आर्टेस्ट आणला, तो सौदा तर आम्ही महिनाभर आधी मांडून मित्रांना दाखवला होता. आर्टेस्ट सॅक्रामेंटोला यायला तयार नाही अशी बातमी आल्याने एक दिवस सारे अडले, तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला होता. तो तयार झाला आणि आम्ही कचेरीत पेढे वाटले. पेढे म्हणजे तिकडे मिळतात ते डोनट.

मग आला फेब्रुवारी २००८. न्यू जर्सीचा जेसन किड डॅलसला जाणार, असा मोठा सौदा ठरला. डॅलस देणार असलेल्यांत डेव्हन जॉर्ज नावाचा एक राखीव फळीतला खेळाडू होता. त्याचा करार एका वर्षाचा होता, आणि अशा करारातला खेळाडू बदलीने दुसरीकडे गेला, तर पुढच्या कराराच्या वेळी त्याच्या काही सवलती बुडतात; म्हणून नियमाने त्याला नकाराचा अधिकार दिला आहे. जॉर्जने तो वापरला. सारा डोलारा कोसळला. डॅलसने मग पगाराचा आकडा भरून काढण्यासाठी कीथ व्हॅन हॉर्न या, २००६ नंतर एकही सामना न खेळलेल्या गृहस्थाला घरून बोलावून त्याच्याशी करार केला आणि लगोलग त्याला न्यू जर्सीकडे रवाना केले, तेव्हा कोठे गाडे पुढे सरकले. त्याच महिन्यात लेकर्सनी पाव गसोलसाठी हीच युक्ती केली होती. फिलाडेल्फियात प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या अॅरन मकीचे नाव त्यांनी आकड्यापुरते कागदावर चढवले. या चातुर्याचे आम्हांला कोण कौतुक! राग आला तो जॉर्जचा. राखीव फळीतल्या माणसाने एवढा मोठा सौदा अडवावा?

त्या रविवारी आईला फोन केला, तेव्हा रागाच्या भरात हे सारे तिला ऐकवले. तिला बास्केटबॉलमधले काही कळत नाही. तिने शांतपणे विचारले, "पण तो नाही का म्हणाला?" आम्ही कारण सांगितले. ती म्हणाली, "मग विट्याच्या बाईंसारखंच झालं की हे. बरोबर आहे त्याचं."

विट्याच्या बाई आमच्या पूर्ण विस्मरणात गेल्या होत्या.

आमची आई कोकणात, खाडीकाठच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वडील साताऱ्याला एका कचेरीत कारकून. शनिवारी रात्री एसटीने यायचे, रविवारी संध्याकाळी परत. प्राथमिक शिक्षकाला दुसऱ्या जिल्ह्यात जायचे, तर सोपा मार्ग एकच: आपसी बदली. तिकडून इकडे येऊ इच्छिणारा कोणी शोधायचा आणि दोघांनी मिळून अर्ज करायचा. साताऱ्याहून कोकणात येऊ इच्छिणारे कोणी मिळेना, तेव्हा आईने एका चौरेघी वहीत तिघांची अदलाबदल मांडली. ती साताऱ्याला, साताऱ्याचे एक गुरुजी त्यांच्या मूळ सांगली जिल्ह्यात विट्याला, आणि विट्याच्या शाळेतल्या, माहेर कोकणातले असलेल्या एक बाई आमच्या गावी. तिघांची नावे, मध्ये बाण. हे एवढे जुळवायला तिला दोन वर्षे आणि काही डझन कार्डे लागली. अशी अदलाबदल नियमात बसते की नाही हे पुढे कचेरी ठरवणार होती. आधी माणसे जमायला हवी होती. वहीत पगाराचा रकाना नव्हता, कारण पगार सगळ्यांचा उन्नीस-बीस सारखाच. शेवटचा रकाना होता 'कारण'. गुरुजींच्या नावापुढे लिहिलेले होते, 'वडील एकटे, शेती पडीक'. स्वतःच्या नावापुढे तिने लिहिले होते, 'कुटुंब'.

१९८१ च्या मे महिन्यात विट्याच्या बाईंचे अंतर्देशीय पत्र आले. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता. घर हलवणे शक्य नव्हते. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. साताऱ्याची शाळा, तिचे मोठे मैदान, रोज संध्याकाळी घरी येणारे वडील, हे सारे मनात केव्हाच नांदू लागले होते. न पाहिलेल्या त्या बाईंना आम्ही परसातल्या माडाखाली उभे राहून जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. आईने त्याच संध्याकाळी उत्तर लिहिले आणि पेटीत टाकायला आमच्याचकडे दिले. कार्ड उघडेच असल्याने वाटेत वाचले. सासऱ्यांना तेलाने चोळण्याविषयी चार सूचना होत्या, आणि बदलीचा विषय मनातून काढून टाकावा, असे एक वाक्य. आईची बदली व्हायला पुढे चार वर्षे लागली.

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होतो. त्यानंतर आमचे व्यसन सुटले, असे मात्र नाही. डिसेंबर २०११ मध्ये न्यू ऑर्लीन्सचा क्रिस पॉल लेकर्सकडे जाण्याचा तीन संघांतला सौदा ठरला, आणि तेव्हा न्यू ऑर्लीन्सचा संघ संघटनेच्याच मालकीचा असल्याने आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी तो नाकारला, तेव्हा तो दुरुस्त कसा करता येईल याचा खल आम्ही दोन रात्री केला. पण तिसऱ्या दिवशी लक्ष गेले ते लमार ओडमकडे. ज्यांना लेकर्स देऊ करत होते, त्यांत तो होता. सौदा मोडला, म्हणजे कायद्याने काहीच घडले नव्हते. तो जेथे होता तेथेच होता. तरी आपल्याला देऊन टाकायला निघाले होते, हे त्याला कळले ते कळलेच. त्याला तेथे राहवेना, आणि काही दिवसांतच तो डॅलसला गेला. लेकर्समधला त्याचा बहर पुन्हा दिसला नाही. न झालेल्या बदलीने माणूस हलतो, याचे आम्हांला तरी आश्चर्य वाटायला नको होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे दोन संघ मुंबईत वरळीला सरावाचे दोन सामने खेळायला आले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळ मुंबईचे. आम्ही मुलीला घेऊन दुसऱ्या सामन्याला गेलो. पाकिटात जुनी घंटा होती, ती दारावरच्या माणसाने आत नेऊ दिली नाही. किंग्ज १३०-१०६ असे हरले. त्या दिवशी बडी हील्ड आमच्या संघात होता आणि डोमंटास सबोनिस इंडियानाच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोघांची अदलाबदल झाली. आणि आमच्याकडून हील्डबरोबर गेला टायरीस हॅलिबर्टन, अवघा एकवीस वर्षांचा. त्याला सॅक्रामेंटोतच राहायचे होते, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले. सौदा कोणी जिंकला म्हणावा? सबोनिसमुळे किंग्ज २००६ नंतर प्रथमच, २०२३ मध्ये बाद फेरीत पोहोचले. हॅलिबर्टनने इंडियानाला २०२५ च्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत नेले, आणि त्याच सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली. आम्ही दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो, आणि घालतो.

हल्ली नवा सौदा मांडताना आम्ही कागदावर शेवटी एक जादा रकाना आखतो. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, डॅलसने आदल्याच वर्षी अंतिम फेरी गाठून देणारा लुका डॉन्चिच लेकर्सना दिला (असा सौदा आम्ही सुचवला असता, तर मित्रांनी आम्हांला विश्रांती घ्यायला सांगितले असते), त्या रात्रीही आखला होता. खेळाडूंचे पगार आम्हांला तोंडपाठ असतात. त्या रकान्यात लिहिण्याजोगे मात्र बहुधा काही ठाऊक नसते. तो कोराच राहतो. यंत्राला तो लागतही नाही.