रिकाम्या पुंगळीचं आयुष्य

‘तुमच्या विषयावर लिहा, पण वाचकाला कळेल असं लिहा,’ असा संपादकांचा निरोप आला. माझा विषय पितळ. धातुशास्त्राचं शिक्षण घेऊन सगळी नोकरी मी काडतुसांच्या पुंगळ्या तपासण्यात घालवली. आता अहिवाऱ्यात, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींजवळ राहतो. निरोप आला तेव्हा एक प्रकरण मनात घोळतच होतं, म्हणून हो म्हटलं.

भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेत रायफल नेमबाजी करतो. झाडलेल्या पुंगळ्या तो घरीच पुन्हा भरतो. तिथे कायद्याने ते चालतं. त्याने पाठवलेल्या फोटोंत बुडाच्या जरा वर एक बारीक, चकाकती रेघ पुंगळीभोवती गोल फिरलेली होती. पुंगळी मूळ मापाला आणण्याच्या साच्यात घासून आली असेल, असं बापलेक दोघांनाही वाटत होतं. मी स्नेह्यांना त्याच रात्री मुलाला फोन करायला लावला.

रायफलच्या पुंगळीचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. खडकीच्या १८६९ पासूनच्या कारखान्यात काय किंवा वरणगावात काय, चकतीपासून वाटी आणि वाटीपासून नळी असं ते टप्प्याटप्प्याने ओढलं जातं. ओढलं की कडक होतं, तापवलं की मऊ होतं. शेवटी बूड कडक आणि मान मऊ राहील, अशी योजना असते. गोळी झाडली की आत हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट दाब तयार होतो. पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. जाड बूड मात्र मागे सरकून बोल्टवर आदळतं. पुढचं धरून ठेवलंय आणि मागचं खेचलं जातंय, अशा वेळी ताण पडतो तो बुडाच्या जरा वर, जिथे जाड भिंत पातळ होते तिथे. ती चकाकती रेघ तिथलीच. आत भिंत पातळ होत चालल्याची ती खूण आहे. बारीक तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून आतून बुडाकडून वर ओढलं, तर त्या जागी टोक खळग्यात अडकतं. बोटांना कळतं. अशा पुंगळीचे पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकतात, आणि मग तो तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा वाद. फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणतात. साचा शेवटपर्यंत खाली घ्यावा, म्हणजे काडतूस कुठल्याही रायफलीत बसेल, असं पुष्कळ जण मानतात. मला हे साफ नामंजूर आहे. साचा फार खाली गेला की पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, चेंबरमध्ये मोकळी जागा उरते आणि पुढच्या बाराला बूड तेवढंच जास्त खेचलं जातं. दर वेळी खेचायचं, दर वेळी दाबायचं. धातू किती सोसणार? स्वतःच्या बोल्ट रायफलीत झाडलेल्या पुंगळीचा खांदा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका मागे गेला तरी पुरतं. खांदा मोजायचं साधन स्वस्त असतं, पण मोजण्याचा कंटाळा फार असतो. लष्करी हत्यारांचे चेंबर चिखल-धुळीतही काडतूस बसावं म्हणून सैलच ठेवलेले असतात. त्यामुळे तिथून आलेली पुंगळी एकदाच झाडलेली असली, तरी खूप ताणलेली असू शकते.

दुसरा गैरसमज इकडे भिलाई परिसरात जास्त भेटतो, कारण इथे घरोघरी पोलादाची भाषा. तापवून पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो, हे पोलादाचं खरं आहे, पितळेचं नाही. पितळ ठोकून कडक होतं आणि तापवून मऊ. भंडाऱ्याचे भांडी घडवणारे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. ठोकून ताठ झालेलं भांडं ते पुन्हा भट्टीत घालतात, नाहीतर त्याला चीर जाते. पुंगळीची मानही वारंवार फुगून-दबून ताठते आणि उभी चिरते, म्हणून ती तापवावी लागते. पण फक्त मान आणि खांदा. बूड तापलं तर ते मऊ पडतं, आणि मऊ बुडाची पुंगळी वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. पाण्यात बुडवायचं ते केवळ उष्णता बुडापर्यंत पोचू नये म्हणून.

चकाकीच्या हौसेबद्दलही सांगतो. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं न वापरताच चिरत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळेत अडकलेला ताण, या दोघांचं ते काम होतं. १९२१ मध्ये ते शोधनिबंधातून नीट उलगडलं. तरी आजही लोक अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवल्यावर मला अनेकांनी विचारलं, की आपले नेमबाज पुंगळ्या पुन्हा भरून खर्च का वाचवत नाहीत? त्याच्या प्रकारातली .२२ ची पुंगळी पुन्हा भरताच येत नाही. पेट घेणारं रसायन तिच्या काठातच असतं आणि बार उडताना तो काठ चेपतो.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. म्हणून फायरिंग रेंजजवळ सापडलेली पुंगळी आठवण म्हणून घरी आणू नका, पोरांनाही आणू देऊ नका. आणि ज्यांची मुलं परदेशात हा छंद करतात, त्यांनी एवढंच कळवावं: रेघ दिसली, तार अडकली किंवा नुसती शंका आली, तरी ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून ती भरली जाणार नाही.