पाणी मानवेपर्यंत

जून-जुलैत आमच्या मालवणात घरात ताजा मासा क्वचितच येतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या झापांखाली गेलेल्या असतात, रापणीची जाळी पडवीत लटकत असतात आणि संध्याकाळी जिथे लिलावाचा गलका असतो ती जागा पाऊस धुऊन काढत असतो. स्वयंपाकघरात सुका बांगडा, जवळा आणि सोडे. अशा आषाढातल्या एका दुपारी माझी लेक कुडाळहून एसटीने आली ती मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी सांभाळत. पिशवीत पेलाभर पाणी होतं आणि त्या पाण्यात अंगठ्याएवढा एक निळा मासा.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पिशवी खिडकीच्या उजेडात धरली.

"खयचो ह्यो?"

आमच्याकडे माणसाला जे विचारतात तेच माशालाही विचारतात. सरंगा आचऱ्याचा की देवबागचा, तिसरे कोळंबच्या खाडीतले की कर्लीचे, यावर चव ठरते आणि भावही ठरतो. लेक म्हणाली, "सयामचा, आजी. फायटर." दुकानातून त्याला फायटर म्हणतात, पुस्तकातून बेटा. पण सयाम म्हटल्यावर सासूबाईंच्या डोळ्यांपुढे काही उभं राहीना. मग मी म्हटलं, "आई, भातशेतातला मासा आहे हा." तेव्हा त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कुणग्यात राहणारा मासा त्यांना परका नव्हता.

आणि खरंच त्याचं मूळ घर तसंच आहे. थायलंडमधली भातखाचरं, त्यांना पाणी पुरवणारे कालवे, गवताने भरलेली डबकी. पाणी गुडघाभरसुद्धा नाही, पण संथ, कोमट आणि पाल्यापाचोळ्याने तपकिरी झालेलं. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवा धरून ठेवणारा घड्याघड्यांचा एक अवयव असतो. मासा मधूनमधून वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. आपल्याकडची मरळही अशीच हवेवर तगते. चढणीच्या दिवसांत कोणी आणलेली मरळ बादलीत तासन्‌तास कशी जिवंत राहते हे सासूबाईंनी लहानपणापासून पाहिलेलं. चार्ल्स टेट रेगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने 1910 मध्ये या माशाला जे शास्त्रीय नाव दिलं, त्यातल्या 'स्प्लेंडेन्स' शब्दाचा अर्थ झळाळता. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसतं, की माणूस त्याला निदान चारशे वर्षं पाळतो आहे. म्हणजे 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्याच्याही आधीपासून हा मासा माणसाच्या भांड्यात आहे. नरांना एकमेकांशी झुंजवायचं, पैजा लावायच्या, त्यासाठी. फायटर हे नाव त्यातूनच आलं. पिशवीतला आमचा पाहुणा मात्र पर मिटून, रंग उतरलेला, एका कोपऱ्यात तिरका पडून होता.

याआधी एकदा आमच्या हातून चूक झाली होती. दोन वर्षांपूर्वी लेकीने असाच एक लाल मासा आणला, तेव्हा आम्ही लोणच्याची रिकामी बरणी घासली, नळाचं पाणी भरलं आणि पिशवी तिच्यात उपडी केली. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो. आपल्याला तो मानवतो, माशाचे कल्ले मात्र त्याने भाजून निघतात. तो खात नाही म्हणून आम्ही दिवसातून चार वेळा दाणे टाकले. ते तळाशी कुजले आणि त्यातून अमोनिया तयार झाला. तोही कल्ले जाळतो. चौथ्या दिवशी सकाळी मासा आडवा तरंगत होता. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिने त्याला अंगणातल्या बदामाखाली पुरलं. ज्या घरात एरवी रोज मासे कापले जातात, त्या घरात एका माशासाठी पोर दोन दिवस धड जेवली नाही, आणि कोणी तिला हसलं नाही.

म्हणून या वेळी आधी पाणी आलं, मासा मागाहून. वीस लिटरची काचेची पेटी महिनाभर अगोदर भरून ठेवली. पाणी विहिरीचं. आमची विहीर जांभ्यात खोदलेली आहे. जांभ्यातलं पाणी मऊ असतं, किंचित आम्लाकडे झुकलेलं, आणि या माशाला तसंच लागतं. विहिरीचं पाणीही लगेच वापरायचं नसतं, ते बादलीत रात्रभर उघडं राहिलं की त्याला हवा लागते. किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आमची होत नाही, याचा सासूबाईंना फार अभिमान. चहूबाजूंनी खारा समुद्र असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड्या राहतात, ते त्या दरवेळी नव्याने सांगतात आणि मग आमच्या विहिरीचं नाव काढतात.

पण नुसतं चांगलं पाणी पुरत नाही. माशाच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात वस्तीला यावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मर्यादेत असेपर्यंत माशाला बाधत नाही. ही वस्ती आपोआप बसायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीच्या एका मास्तरांनी त्यांच्या जुन्या टाकीतल्या गाळणीच्या स्पंजाचा तुकडा कापून दिला. "हे विरजण," ते म्हणाले. इतका नेमका शब्द मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता.

संध्याकाळी दिवे मालवून पिशवी पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. वीस मिनिटांत आतबाहेरचं तापमान सारखं झालं. मग पिशवीचं तोंड उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतलं अर्धी वाटी पाणी आत. लेक घड्याळ बघत होती, सासूबाई वाटी भरत होत्या. तासाभराने जाळीने मासा अलगद उचलून पेटीत सोडला, दुकानाचं पाणी परसात ओतलं. तो सरळ तळाशी गेला आणि पाणवनस्पतींच्या मागे नाहीसा झाला.

पहिल्या दिवशी खायला द्यायचंच नाही, हे ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन दाणे टाकले. ते तरंगत राहिले, फुगले, बुडाले. दहा मिनिटांनी मी ते चमच्याने उचलून काढले. तिसऱ्या दिवशी तेच. तो एकदा वर आला, दाणा तोंडात घेतला आणि थुंकला. लेकीचे डोळे भरले. पेटीपुढे नाक लावून ती बसली की तो आणखी मागे जाई. निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, नव्या जागी चार-पाच दिवस तोंड न लावणं ही नेहमीची गोष्ट आहे, हे तिला समजावताना माझाही धीर सुटत होता. मालवणी घरात आलेल्याने जेवायचं असतं. दारातल्या माणसाला पाणी आणि गूळ, थांबला तर ताट. समोरचा जीव खात नाही आणि आपण हात बांधून बसायचं, हे आम्हाला येत नाही.

सासूबाई सुक्या जवळ्याची चिमूट घेऊन आल्या होत्या. मी नको म्हटलं. त्यांनी ती मुठीत मिटली आणि नातीला म्हणाल्या, "तेका आदी पाणी मानवांदे. मगे भूक लागली की आपणच खायत."

पाणी मानवणं. बावीस वर्षांपूर्वी हा शब्द मी त्यांच्याच तोंडून, माझ्यासाठी ऐकला होता. मी गडहिंग्लजची. वैशाखात लग्न होऊन आंबोली घाट उतरले तेव्हा माझ्या जिभेला ज्वारीची भाकरी आणि झुणका ठाऊक. इथे सगळीकडे खोबरेल तेलाचा, खाडीचा, वाळत घातलेल्या माशांचा वास, आणि हवा अशी की पदर पिळावा. पंधरा दिवस माझ्या पोटात काही ठरेना. शेजारणी येऊन आग्रह करायच्या, कोणी कालवणाची वाटी आणून समोर बसायच्या, मी घास घेते की नाही ते पाहायच्या, आणि त्यांनी पाहिलं की घास घशातच अडकायचा. सासूबाई तसं करायच्या नाहीत. उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा आणि लोणच्याची एक फोड, असा वाडगा चुलीजवळ ठेवायच्या आणि माझ्याकडे पाठ करून नारळ खवत बसायच्या. वाडगा भरलेला राहिला तर उचलून न्यायच्या, बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच वाडगा. एका सकाळी खवणीच्या आवाजात मी तो पिऊन संपवला. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही.

चौथ्या दिवशी आम्ही पेटीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावलं आणि लेकीची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. बदामाच्या झाडाखालून सासूबाईंनी दोन वाळकी पानं वेचली. आमच्या किनाऱ्यावर देशी बदामाची ही झाडं अंगणोअंगणी आहेत. झडण्याआधी पानं लालभडक होतात, पोरं त्याच्या बिया दगडाने फोडून खातात. त्याच झाडाची वाळकी पानं थायलंडमध्ये हे मासे पाळणारे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात घालत आले आहेत. पानातलं टॅनिन पाण्यात उतरलं की पाणी कोऱ्या चहासारखं होतं, थोडं आम्ल होतं, काही जिवाणूंना आवर बसतो. पान मात्र झाडावरून आपसूक पडलेलं हवं, फवारणीचं नको आणि धुतलेलं हवं. आम्ही एकच घातलं. दुसऱ्या सकाळी पाण्यात सोनेरी झाक आली होती आणि मासा पानाच्या सावलीत, पृष्ठभागापासून दोन बोटांवर, पर थोडे उलगडून टेकला होता.

त्या दिवशी सकाळभर झड लागली होती. अंगणात नारळाची एक करटी पालथी न पडता उताणी राहिलेली, तिच्यात पावसाचं पाणी साचलेलं. एरवी दिसताक्षणी ती उपडी करायची, मलेरिया-डेंग्यूच्या भीतीने आता हे अंगवळणी पडलं आहे. लेक ती उचलून ओतणार तोच तिला त्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. डबक्यांत आरोग्य खात्याचे लोक गप्पी मासे कशासाठी सोडतात, ते तिला शाळेत शिकवलेलं. ती करटी घेऊन आत आली.

गटारातल्या अळ्या मी कधीच घातल्या नसत्या. हे पावसाचं स्वच्छ पाणी होतं. चहाच्या गाळणीत तीन अळ्या धरल्या, विहिरीच्या पाण्याने धुतल्या, पेटीत सोडल्या आणि आम्ही तिघीही मागे सरलो. अळी झटका देत वर गेली. मासा वळला. पहिल्यांदाच त्याचे दोन्ही डोळे पुढे एका जागी लागलेले मला दिसले. शेपटी किंचित वाकली आणि पुढच्या क्षणी अळी नव्हती. दुसरीही गेली. तिसरीसाठी तो पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला, आणि त्या धावण्यात त्याचे सगळे पर उघडले. निळ्याच्या खाली जांभळा होता, कडेला तांबूस. पाच दिवस हा रंग आम्हाला दिसलाच नव्हता.

दाणा तोंडात घेऊन थुंकणारा हा मासा आजारी नव्हता. जे हलत नाही ते अन्न आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढचे दहा दिवस आम्ही आधी एक अळी आणि तिच्या पाठोपाठ एक भिजवलेला दाणा टाकत गेलो. सातव्या दिवशी त्याने दाणा गिळला. आता सकाळी दोन, संध्याकाळी दोन. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, असं पाळणारे सांगतात. जास्त घातलं की फुगतं. आठवड्यातून एक दिवस उपास बरा, असंही सांगतात. सासूबाईंनी तो दिवस सोमवार ठरवला, कारण श्रावण लागला होता.

दुकानांतून हे मासे पेल्याएवढ्या डब्यांत रांगेने मांडलेले असतात. हवेवर जगतो, म्हणून त्याला कितीही थोडं पाणी चालतं, असा समज आहे. तो तगतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. कुणग्यातलं पाणी उथळ असतं, पण बांधापासून बांधापर्यंत पसरलेलं असतं, आणि त्यातला स्वतःचा तुकडा हा मासा राखतो. आमच्याकडे वादळी पावसात लाइट रात्ररात्र जाते, गाळणी बंद पडते. तेव्हा बॅटरीच्या उजेडात मी पाहिलं आहे, तो वर येऊन एक घोट घेतो आणि पानाखाली परततो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटं मोकळी ठेवायची, बस. हवाही उबदार आणि दमट लागते. मालवणच्या पावसाळ्यात ती विकत आणावी लागत नाही.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी मी पेटीतलं पाव भाग पाणी बदलायला बादली घेऊन आले. सासूबाई समुद्राला द्यायचा नारळ पुसत तिथेच बसल्या होत्या. त्यांनी हात आडवा केला. बदामाच्या पानाखाली, काचेला लागून, बारीक बुडबुड्यांचा पांढरा थर जमला होता, रुपयाएवढा. नर असं फेसाचं घर बांधतो. मादी असेल तर अंडी त्यात ठेवतो आणि गळून पडलेलं प्रत्येक अंडं तोंडात धरून परत वर नेतो. इथे मादी नव्हती. तो खालून एक एक बुडबुडा आणून लावत होता.

"आज पाणी बदलू नको," सासूबाई म्हणाल्या. "तेना घर बांधल्यान हा."

मी बादली विहिरीकडे परत नेली.