मीठ मागे, माणूस पुढे

प्रवासी छायाचित्रकार म्हटले की लोक पहिल्यांदा लडाखबद्दल विचारतात. लडाखला मी जाऊन आलो आहे. पण माणसाचा चेहरा टिपायला शिकलो तो गोडदेवच्या हळदींत आणि भाईंदरच्या मिठागरांवर.

आमच्या आगरी हळदीत फोटो काढणे सोपे नाही. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात हळदीने माखलेला नवरा, आणि वरून डीजेवाल्याचे निळे-जांभळे दिवे! व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर कॅमेरा हळदीलाच दोष समजतो आणि तिचा रंग उतरवतो. म्हणून मी केल्व्हिनचा आकडा हाताने 3200 च्या आसपास बांधून टाकतो. या हळदींच्या पैशांवर पुढची भटकंती झाली.

मिठागराचे गणित निराळे. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सगळे जग मध्यम करडे धरून चालतो. समोर पांढरेशुभ्र मीठ आले की तो उजेड कमी करतो. मीठ राखाडी दिसते आणि मीठ ओढणाऱ्या बाईचा सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. तेव्हा एक ते दीड स्टॉप वाढवायचा. गालावर स्पॉट मीटर लावला तर उलटे करायचे: सावळ्या कातडीला मीटर सांगेल त्याहून थोडे कमीच द्यायचे, नाहीतर तिचा तजेला उडतो. मिठावरून आणि गालावरून काढलेले आकडे जवळ आले की मोजमाप बरोबर.

भर दुपारी पोर्ट्रेट काढू नये, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठतो, असे सगळेच शिकवतात. मिठागरावर मात्र खुशाल काढावे. माणसाची पाठ उन्हाकडे आणि तोंड मिठाच्या ढिगाकडे केले की ढीग सगळा उजेड परत फेकतो. वाफ्यातले पाणीही खालून हातभार लावते आणि डोक्यावरच्या पदराखालचे डोळेसुद्धा उजळतात. रिफ्लेक्टर घरी ठेवला तरी चालतो.

विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातली कित्येक माणसे एकीकडे टिपलेली, मागचे दृश्य दुसरीकडचे, आणि दोन्ही नंतर जोडलेली. त्या काळच्या ओल्या काचपट्ट्यांचा व्याप पाहता त्याला माफ करता येते. आज एफ 1.4 वर लेन्स उघडून मागचे सगळे लोणी करून टाकणाऱ्यांना मी माफ करत नाही. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेल्या तारे-तारकांना मागच्या जागेची गरज नव्हती, कारण ते चेहरे घराघरांत ओळखीचे होते. मिठागरातल्या बाईच्या मागचे मीठ पुसले, तर तिने दिवसभर काय केले हे फोटोत कुठे राहिले?

म्हणून माझी लेन्स 35 मिलिमीटरची, एफ 5.6 किंवा 8. तिने चेहरा टिपायचा तर दोन-तीन पावलांवर उभे राहावे लागते, चोरून काही जमत नाही. आधी विचारायचे, बोलायचे, मग म्हणायचे, “मावशी, तुमचं काम चालू द्या.” कॅमेऱ्यासाठी आणलेले हसू ओसरेपर्यंत मी शटर दाबत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनी 85 च्या आधी 35 घ्यावी. आणि मिठागरावर पावसाळ्याआधीच जावे. एकदा पाऊस लागला की मीठ धरणे बंद होते.