स्टोरेज फुल

पानशेतला वाढलेल्या माणसाचा मासा म्हणजे धरणातला कटला, रोहू, फार तर तिलापिया. समुद्रातल्या माशाशी माझी ओळख झाली ती हर्णैला, कॉलेजातल्या मित्राच्या घरी. तीही भिंतीवर. हातभर लांब करवत, दोन्ही कडांना दात, वर धूळ. मित्राच्या आजोबांनी कधीतरी पकडलेला करवत मासा. मित्राच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, उभ्या हयातीत एकही जिवंत पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "शार्क ना?"

काका हसले. "मुशीचे कल्ले बाजूला असतात, पाकटाचे पोटाखाली. बाबा सांगायचे, याचे पोटाखाली होते."

म्हणजे हा पाकटाचा भाऊबंद. ज्या करवतीने तो माशांच्या थव्यात वार करतो, तीच त्याच्या जिवावर उठते. दात जाळ्यात गुंतले की संपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही बोटीवर गेलो. (उलट्या किती झाल्या ते विचारू नका.) जाळ्यात आला तो करवत माशाचा चुलत भाऊ, गिटारफिश. पुढून चपटा नि टोकदार, मागून थेट मुशी, अंगावर पांढरे ठिपके. याला करवत नाही, पण पंख आहेत, आणि सूपसाठी जगात सगळ्यात महाग विकल्या जाणाऱ्या पंखांत त्यांची गणना होते. आपल्याकडे शार्कच्या पंखांच्या निर्यातीवर २०१५ मध्ये बंदी आली. त्याआधी, २००१ मध्येच, हे दोघे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले होते, वाघाच्या पंगतीत. दोघेही अंडी घालत नाहीत, मोजकी पिल्लं देतात. त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला पिढ्या जातात. एक भिंतीवर जाऊन बसलाय, दुसरा अजून जाळ्यात येतो.

तो शेपटीपासून गुरफटला होता. जाळं कापल्याशिवाय सुटेना.

"शूट कर रे," काका म्हणाले. जाळं कापून असा प्राणी सोडला, तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, २०१८ पासून. पुरावा म्हणून फोटो-व्हिडिओ लागतो.

काकांनी सुरी चालवली. मासा क्षणभर तसाच तरंगला, मग खाली गेला.

किनाऱ्यावर येऊन मी फोन उघडला. सात सेकंद. पाणी, बोटीची कड, माझा अंगठा. पुढे 'स्टोरेज फुल'. पानशेतच्या बॅकवॉटरचे रील्स भरून ठेवले होते मी.

काका काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी त्या करवतीखाली बसून जाळ्याचं भगदाड सांधत होते. मी सुईत दोरा भरून देत होतो. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"पुढच्या वेळी घरूनच डिलीट करून ये."